बाळाला अंगावर पाजायचंय? मग दवाखान्यात काय काय विचारायचं (सांगली-मिरजकडच्या नव्या आयांसाठी)

बाळंतपणाची पिशवी भरताना मला घरातल्या प्रत्येकानं सल्ला दिला, दुपटी किती, लंगोट किती, कानाला बांधायला सुती फडकं, थर्मास, मावशींच्या चहाला सुट्टे पैसे, पण बाळाला पाजायचं कसं यावर कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांना वाटतं ते आपोआप येतं. बाळाला चोखता येतं तेवढं खरं, बाकी नीट धरणं, नीट पकडणं दोघांनाही शिकावं लागतं आणि ते शिकवणारी माणसं दवाखान्यातच असतात. अडचण एवढीच की वॉर्डात सिस्टर एक नि बाळंतिणी पंधरा, त्यामुळं जी विचारते तिला मदत मिळते, जी लाजून गप बसते तिच्या बाळाला तिसऱ्या दिवशी पावडरचं दूध लागतं.

माझी दोन बाळंतपणं झाली, पहिलं एका छोट्या प्रायव्हेट दवाखान्यात (नाव राहू दे) नि दुसरं सरकारीत. पहिल्या वेळी दुसऱ्याच दिवशी नवऱ्याच्या हातात पावडरच्या डब्याची चिठ्ठी आली आणि तो बिचारा पळत जाऊन घेऊन पण आला. दुसऱ्या वेळी एका सिस्टरनं अर्धा तास शेजारी बसून शिकवलं. मी डॉक्टर नाही, पण ह्या दोन वेळांत जे कळलं आणि नंतर विचारून, वाचून जे पक्कं केलं ते क्रमानं लिहितेय.

१) आठव्या महिन्यातच विचारा

कळा सुरू झाल्यावर कोण काय विचारतंय. सोनोग्राफीला किंवा चेकअपला जाल तेव्हाच सरळ चार गोष्टी विचारा. बाळ झाल्या झाल्या माझ्या छातीवर देणार का, सीझर झालं तर देणार का, बाळ माझ्याजवळच ठेवणार का वेगळ्या खोलीत, आणि रात्री पाजायला मदत लागली तर कोण येणार. पाचवा प्रश्न मी आता प्रत्येकीला विचारायला लावते, पावडरचं दूध तुमच्याकडं कधी देतात आणि ते ठरवतं कोण. ह्या पाचव्याचं उत्तर देताना समोरचा गडबडला तर समजून जायचं.

हे काही मागंपुढं बघून मागायचं नाही, ह्याला नियम आहेत. १९९१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं बाळस्नेही रुग्णालयाची मोहीम काढली, त्यात दवाखान्यानं पाळायच्या दहा पायऱ्या आहेत, २०१८ ला त्या सुधारल्या. आपल्याकडं केंद्र सरकारनं २०१६ च्या ऑगस्टमध्ये 'मां' नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात आशाताईपासून जिल्हा रुग्णालयाच्या सिस्टरपर्यंत सगळ्यांना ह्याचंच ट्रेनिंग द्यायचं ठरलंय. म्हणजे तुम्ही विचारलं की समोरच्याला विषय माहीत असतोय.

सरकारीत जायचं का प्रायव्हेट हा ज्याचा त्याचा प्रश्न. आमच्या भागात जत, आटपाडी, कवठेमहांकाळची माणसं सांगलीच्या सिव्हिलला नाहीतर मिरजेला येतात, सातारकडची साताऱ्याच्या सिव्हिलला नाहीतर कराडला. सरकारीत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सीझर, औषधं, तपासण्या सगळं फुकट, आणि जेवणसुद्धा, नॉर्मलला ३ दिवस नि सीझरला ७ दिवसांपर्यंत. ते दिवस पाजायला शिकायला सोन्यासारखे असतात, पण आपल्याकडं नॉर्मल झालं की दुसऱ्या दिवशीच "चला घरी, पाहुणे यायचेत" सुरू होतं. थांबा की जरा.

आणि हो, निपल आत ओढलेली किंवा सपाट असली तर आठव्या महिन्यातच सांगून ठेवा. शुगर, थायरॉईड, छातीचं आधी काही ऑपरेशन, ते पण सांगा. लाजायचं काय त्यात.

२) पहिला तास

बाळ रडलं, पुसलं, की उघड्या अंगानं आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं आणि वरून दोघांवर पांघरूण. वजन, कपडे, फोटो सगळं नंतर. तासाभरात बाळ स्वतःच तोंड हलवत, हात चोखत, छातीकडं सरकायला लागतं, ते बघायला मिळतं हीच मजा. ह्या तासात बाळ जागं असतं, नंतर बरीच बाळं गाढ झोपतात नि मग उठवता उठवत नाहीत. छातीला छाती लागली की बाळाचं अंग पण गरम राहतं.

सीझरला बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन दिलेलं असतं, आपण जाग्या असतो, त्यामुळं टाके घालताना पण बाळ गालाला, छातीला लावता येतं. पण तिथं ऑपरेशन थिएटरात आपलं कोण ऐकत नाही, म्हणून आत नेण्याआधीच डॉक्टरांना आणि सिस्टरला सांगून ठेवा. माझ्या जावेनं तर फाईलच्या वरच्या कागदावर पेनानं लिहून ठेवलेलं, "बाळ आईजवळ द्या". हसले सगळे, पण दिलं.

आता मोठा विषय, चीक. पहिले दोनतीन दिवस जे पिवळसर, घट्ट, थेंबथेंब येतं ते. अजूनही म्हाताऱ्या बायका म्हणतात ते कच्चं दूध, पिळून टाका. मला सांगा, गाय व्याली की चिकाचा खरवस खायला आपण गल्लीभर वाटी घेऊन फिरतो, आणि त्यातला पण पहिला हक्क वासराचा हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, चीक न पाजलेलं वासरू जगत नाही हे त्याला पक्कं ठाऊक. मग आपल्याच बाळाचा चीक मोरीत का ओतायचा? त्यात रोगाशी लढायची ताकद असते, पोटातली काळी शी बाहेर पडायला मदत होते. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर आला तरी पुरतो, बाळाचं पोटच तेवढं असतं.

मध चाटवणं, गुळाचं पाणी, सोनं उगाळून देणं, हे सगळं बंद. मधानं तर वर्षाच्या आतल्या बाळाला विषबाधा होऊ शकते. पण हे आज्जीला आपण सांगितलं तर भांडण होतं. माझी युक्ती अशी, डॉक्टर राउंडला आले की आज्जीसमोरच विचारायचं, "डॉक्टर, मध चाटवायचा का?" ते एकदा "अजिबात नाही" म्हणाले की विषय संपला, आपण वाईट नाही.

३) पकड

ह्यावर जरा जास्त लिहिते कारण सगळी गोम इथंच आहे. पाजताना चुका होतात त्या बहुतेक पकडीच्या, आणि मग निपल चिरते, दूध उतरत नाही, बाळ रडतं, घरचे म्हणतात "हिला दूधच नाही".

आधी स्वतः नीट बसा, पाठीला टेकून, मांडीवर उशी. आपण बाळाकडं वाकायचं नाही, बाळाला आपल्याकडं आणायचं, नाहीतर दोन दिवसांत पाठ जाते. बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं, डोकं-मान-कंबर एका रेषेत, मान वळवून प्यायला लावू नका, आपल्याला तरी मान मागं करून पाणी पिता येतं का. बाळाचं नाक निपलच्या समोर येईल असं धरा, वरच्या ओठाला निपल हळूच लावा आणि थांबा. बाळ जांभई देताना उघडतं तेवढं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबायचं. उघडलं की पटकन जवळ ओढायचं, हनुवटी आधी लागली पाहिजे.

बरोबर लागलं का ते असं बघा. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, आणि निपलभोवतीचा काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतो, खाली कमी. फक्त निपल तोंडात असली तर ते चुकीचं. गाल आत ओढले जात असतील, चट्चट् आवाज येत असेल तर परत लावा. सोडवायला ओढायचं नाही, करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून हवा सोडायची. नीट लागलं की आधी भराभर चोखतं, मग सावकाश, खोल, मध्ये मध्ये गिळल्याचा आवाज येतो. पहिले काही सेकंद ओढ लागते ते चालतं, पण संपूर्ण वेळ दात-ओठ खाऊन पाजावं लागत असेल तर पकड चुकतेय.

सिस्टरला काय म्हणायचं तेही सांगते, कारण "दूध येत नाही" म्हणालात की उत्तर येतं "येईल ताई, लावत राहा". त्यापेक्षा असं म्हणा, "सिस्टर, मी आत्ता लावतेय, पकड बरोबर आहे का बघता का?" आणि त्यांच्या समोरच लावा. ड्युटी बदलायच्या वेळी नि इंजेक्शनच्या वेळी जाऊ नका, त्या पण माणसं आहेत. दुपारी वॉर्ड शांत असतो तेव्हा बोलवा. काही मोठ्या दवाखान्यात ह्यासाठी वेगळ्या लॅक्टेशन काऊन्सेलर असतात, आहेत का विचारा.

निपल आत असेल तर सिस्टर सिरिंजची युक्ती दाखवतात, सिरिंजचं पुढचं टोक कापून दट्ट्या कापलेल्या बाजूनं घालायचा, गुळगुळीत बाजू छातीला लावून अगदी हळू ओढायचं. एकदा त्यांच्याकडूनच करून घ्या, घरी मनानं कापाकापी नको. निपल चिरली तर पकड सुधारायची आणि पाजून झाल्यावर दोन थेंब आपलंच दूध लावून वाळू द्यायचं. आम्ही सांगलीची माणसं कुठंही हळद लावायला पुढं, पण इथं नको, ती बाळाच्या तोंडात जाते.

अजून एक. भेटायला येणाऱ्यांची गर्दी. गाय परका माणूस बघितला की पान्हा चोरते, तसंच आहे हे, टेन्शनमध्ये, लाजेनं, दुखण्यानं दूध असूनही उतरत नाही. वॉर्डात पडदा किंवा स्क्रीन मागा, नसला तर आईला साडी धरून उभी करा. मामा, काका, शेजारचे अण्णा, सगळ्यांना बारशाला बोलवा.

४) दुसरी रात्र

पहिल्या दिवशी झोपाळू असलेलं बाळ दुसऱ्या रात्री सारखं उठतं, लावलं की पितं, काढलं की रडतं. हीच ती रात्र जेव्हा डबा येतो. माझा पण तेव्हाच आला. कुणी सांगितलंच नाही की हे नॉर्मल आहे, बाळ सारखं ओढतं म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येतं. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं, रात्रीचं तर अजिबात चुकवायचं नाही, दूध बनवणारं हार्मोन रात्री जास्त असतं. बाटलीनं पोट भरलं की बाळ छातीला ओढत नाही, ओढलं नाही की दूध बनत नाही, मग अजून बाटली. झालं, अडकलो.

मग पुरतंय का ते कशावरून ओळखायचं? रडण्यावरून नाही, शू वरून. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्याला तीन, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त. शी काळ्याची हिरवट, मग पिवळी होते. मोबाईलमध्ये नाहीतर कॅलेंडरवर रेघोट्या मारा. वजन पहिल्या काही दिवसांत उतरतंच, ३ किलोचं बाळ २ किलो ८०० झालं म्हणून रडू नका, १० टक्क्यांच्या आसपास गेलं तर मात्र डॉक्टर लक्ष घालतात. साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत येतं.

खरंच वरचं दूध लागतं अशाही वेळा असतात, बाळाची शुगर कमी झाली, वजन फार उतरलं, शू होत नाही, आईलाच काही गंभीर झालं. तेव्हा हट्ट धरून बसू नका, बाळ उपाशी ठेवून कसलं आलंय तत्त्व. फक्त डॉक्टरांना विचारा कशासाठी, किती, किती दिवस. आधी स्वतःचं पिळून काढलेलं द्यायचं बघा. आणि बाटली नको, वाटी-चमचा नाहीतर आपलं जुनं बोंडलं, उकळून घेतलेलं. विनाकारण कुणी फुकट डबा हातात देत असेल तर आपल्याकडं १९९२ चा कायदा आहे, २००३ ला तो अजून कडक केला, दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या पावडरची, बाटल्यांची जाहिरात आणि आयांना फुकट सॅम्पल ह्याला बंदी आहे. भांडायची गरज नाही, "कशासाठी देताय ते फाईलला लिहा" एवढं म्हटलं तरी पुष्कळदा डबा परत जातो.

५) सीझर झालं असेल तर, आणि बाळ काचेत असेल तर

सीझरला टाक्यावर भार नको म्हणून कुशीवर झोपून पाजा किंवा बाळ काखेत धरून, पाय मागच्या बाजूला. पहिला दिवस बाळ कुणीतरी उचलून लावावं लागतं, ते काम नवऱ्याला शिकवा, रात्री सोबत राहू देत नसतील तर आईला. दुखण्याच्या ज्या गोळ्या देतात त्या बहुतेक पाजताना चालणाऱ्याच असतात, शंका आली तर विचारा, पण स्वतःहून पाजणं बंद करू नका.

बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं म्हणून एसएनसीयूत (नाजूक, आजारी नवजात बाळांचा खास विभाग) ठेवलं तर आईला वाटतं आता आपलं काम नाही. उलट तेव्हाच जास्त आहे. पहिल्या काही तासांतच हातानं काढायला सुरू करा, मग दर दोन-तीन तासांनी, रात्री पण. हात धुऊन, अंगठा आणि बोट काळ्या भागाच्या कडेला इंग्रजी सी अक्षरासारखं ठेवायचं, आधी छातीकडं आत दाबायचं, मग एकमेकांकडं. निपल पिळायची नाही. सुरवातीला वाटीचा तळ पण भिजत नाही, तेवढं पण सिस्टर सिरिंजनं किंवा नळीनं बाळाला देतात, देऊन या. काढलेलं दूध खोलीत जास्तीत जास्त चार तास, एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात त्याच्याही आधी वापरा, फ्रिजमध्ये एक दिवस.

आणि कांगारू मागा. बाळ स्थिर आहे म्हटल्यावर उघड्या छातीवर तासन्‌तास बांधून ठेवायचं. अडीच किलोच्या आतल्या बाळांना ह्यानं वजन वाढायला, गरम राहायला, आणि आईला दूध यायला मदत होते. बाप पण करू शकतो. छातीला बाळ बांधून बसलेला मिशीवाला पैलवान मी वॉर्डात बघितलाय, तिकडं बघून बाकीचे नवरे पण तयार झाले. काही मोठ्या दवाखान्यांत दूधपेढी असते, दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, गरम प्रक्रिया करून ह्या नाजूक बाळांना देतात. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात १९८९ ला आपल्या देशातली पहिली झाली.

६) डिस्चार्जच्या आधी

बिल, गाडी, पेढे ह्या गडबडीत एक गोष्ट करून घ्या, एक पूर्ण पाजणं सिस्टरसमोर. वजन करून फाईलला लिहून घ्या, कावीळ बघायला परत कधी यायचं ते विचारा. सरकारीतनं घरी सोडायची गाडी पण फुकट आहे, १०२. आशाताईंचा नंबर सेव्ह करा, त्यांनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं, माहेर दुसऱ्या गावात असेल तर तिथल्या आशाताईंना आधीच कळवा, नाहीतर नाव इथं नि बाळ तिथं.

७) घरी आल्यावर

अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, बाजरीची भाकरी, शेपू, सगळं खा, बाळंतिणीला ताकद पाहिजेच. पण दूध वाढतं ते बाळानं ओढल्यानं, लाडवानं नाही. सहा महिने पाणी नाही, बाळगुटी नाही, ग्राईपवॉटर नाही, आपल्या कडक उन्हाळ्यात सुद्धा नाही, दुधातच पाणी असतंय. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत घरं पाण्यात नि प्यायचं पाणी शोधावं लागत होतं, तेव्हा ज्यांचं बाळ अंगावर पीत होतं त्यांना बाळाचं पाणी उकळायचं कुठं ही तरी काळजी नव्हती. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू करा आणि पाजणं दोन वर्षं किंवा पुढंही चालू द्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, घाबरू नका, पाजायच्या आधी कोमट फडकं, थोडं काढून मऊ करा, मग लावा, नंतर गार फडकं. एका जागी लाल, गरम, दुखरी गाठ आणि थंडी-ताप आला तर डॉक्टरकडं जा, पण त्या बाजूचं पाजणं थांबवू नका, थांबवलं की वाढतं. बाळ प्यायला उठतच नाही, अंग तापलंय किंवा गार पडलंय, श्वास भराभर चाललाय, तळहात-तळपाय पिवळे झालेत, शू कमी झाली, तर शेक-धुरी-दृष्ट काढणं सगळं बाजूला ठेवून सरळ दवाखाना, गाडी नसेल तर १०८.

लसीला, चेकअपला बाहेर पडावं लागतं तेव्हा पाजायचं कुठं ही शेवटची अडचण. रायगडावरची हिरकणी बाळासाठी रात्रीत कडा उतरून गेली, तिच्या नावानं आता एसटी स्टँडवर, ऑफिसात, दवाखान्यात हिरकणी कक्ष असतात. एका स्टँडवर मी गेले तर दाराला कुलूप, बाळ रडून लाल, बाकड्यावर बसलेल्या एका आज्जी म्हणाल्या, "अगं, किल्ली चौकशीच्या खिडकीत असतीया, माग की." मागितली. मिळाली.